दोन ट्यूबा आणि एक तुरुंग

नवव्या रात्री मी उठून बेसिनपाशी गेलो आणि तोंडावर पाणी मारलं. नाकाच्या कडेची आणि हनुवटीची कातडी सोलून निघत होती. नुसता घाम लागला तरी झोंबत होतं. असं होणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण त्या रात्री मला पुरे झालं होतं. जेल धुऊन टाकलं, मॉइश्चरायझर लावलं आणि झोपलो. कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण? चेहरा माझा, ट्यूब माझी आणि नळ चार पावलांवर.

त्या ट्यूबचा इतिहास वाचल्यापासून ती रात्र मला पुन्हा पुन्हा आठवते.

पहिली ट्यूब

मला पिंपल्स यायला लागले नववीत. तेव्हापासून घरच्यांनी सुचवलेलं सगळं करून झालं. हळद, चंदन, मुलतानी माती, कडुलिंबाचा पाला, तुरटी. पोट साफ ठेव, उष्णता झालीय, सब्जा पी. आत्या म्हणायची, "अरे, मुलाच्या तोंडाकडे कोण बघतंय?" बघणारे खूप असतात, हे तिला कधी पटलं नाही. पुण्यात शिकायला आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभं राहायची सवय लागली होती.

रूमवरच्या एकाने मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. चिठ्ठी लागली नाही. आठ दिवसांत चेहरा गुळगुळीत झाला, वर थोडा उजळही. घरी व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "पुण्याचं पाणी मानवलं तुला." मी चार महिने ती ट्यूब लावली. मग दुपारी अभ्यासिकेपर्यंत चालत गेलो तरी गाल तापलेल्या तव्यासारखे व्हायला लागले. दोन दिवस ट्यूब लावली नाही की पिंपल्स दुपटीने परत.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी चेहरा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठली ट्यूब लावत होतास? फोटो आहे?" फोनवरचा फोटो मोठा करून त्यांनी मला तीन नावं वाचून दाखवली. एक स्टिरॉइड, एक हायड्रोक्विनोन आणि एक ट्रेटिनॉइन. गुळगुळीतपणा बराचसा स्टिरॉइडचा होता. ते सूज आणि लाली दाबतं, पण महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते. औषध थांबवलं की दाबलेलं सगळं उसळून वर येतं.

ट्यूब बंद केली. पुढचे दीड-दोन महिने मी रूमाल बांधून फिरलो. मग मॅडमनी दुसरी ट्यूब लिहून दिली. तिच्यावर एकच नाव होतं, ट्रेटिनॉइन, ०.०२५ टक्के.

"मॅडम, हे तर त्या ट्यूबमध्येही होतं."

"होतं. पण तिथे स्टिरॉइड त्याची जळजळ लपवत होतं. आता ती तुला कळेल. मटारच्या दाण्याएवढं घ्यायचं, रात्री, चेहरा कोरडा करून. सकाळी सनस्क्रीन चुकवायचं नाही. आधी थोडे वाढतील, घाबरू नकोस. तीन महिने दे."

दोन्ही ट्यूबांवर सारखा असलेला तो शब्द डोक्यात राहिला. त्या रात्री मी तो फोनवर शोधायला घेतला. पहिल्या ट्यूबची पाठ धरली तर एक नाव आलं. दुसऱ्या ट्यूबची धरली तर तेच नाव आलं. अल्बर्ट क्लिगमन.

चिखल्यांपासून सुरुवात

क्लिगमन अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचा. आधी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केली, बुरशीवर काम केलं आणि मग १९४७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली. त्याच शहरात होम्सबर्ग नावाचा १८९६ पासूनचा तुरुंग होता. १९५१ मध्ये तिथल्या कैद्यांच्या पायांना बुरशीचा संसर्ग झाला. आपल्याकडे पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होतात त्या चिखल्या. बुरशीचा जाणकार म्हणून क्लिगमनला बोलावणं गेलं.

तो आत गेला आणि त्याला शेकडो माणसं दिसली. रिकामी बसलेली, रोज त्याच जागी सापडणारी, एकाच प्रकारचं जेवण जेवणारी. पुढे १९६६ मध्ये एका वर्तमानपत्राशी बोलताना त्याने तो क्षण सांगितला. आपल्याला समोर एकरच्या एकर कातडी दिसली, सुपीक शेत पहिल्यांदा बघणाऱ्या शेतकऱ्यासारखं वाटलं, अशा अर्थाचं तो बोलला. हे त्याने लपवलं नव्हतं. छापून येणार आहे हे माहीत असताना सांगितलं होतं.

मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. शेत पहिल्यांदा बघताना माणूस काय बघतो, ते मला ठाऊक आहे. माती कशी आहे, पाणी कुठून येईल, काय पेरता येईल. मातीला काय वाटेल, हा प्रश्न तिथे येत नाही.

पुढची तेवीस वर्षं होम्सबर्गमध्ये प्रयोग चालले. कैद्यांच्या पाठीवर चौकोन आखून पट्ट्या चिकटवल्या जात. त्यांच्याखाली साबण, शाम्पू, अत्तरं, घामाचा वास घालवणारी रसायनं असत. कंपन्या पैसे देत, विद्यापीठाचे लोक निकाल नोंदवत. काम वाढत गेलं तसं अमेरिकी लष्कर आलं, मनावर परिणाम करणारी रसायनं घेऊन. साठच्या दशकात डाऊ केमिकल या कंपनीसाठी डायॉक्सिन कातडीला लावून पाहिलं गेलं. डायॉक्सिन हे अत्यंत विषारी द्रव्य. कंपनीने ठरवून दिलेल्या मात्रेपेक्षा क्लिगमनने वापरलेली मात्रा कितीतरी पट जास्त होती. कातडीवर मुरूम उठवणारं विष मुरुमांच्या डॉक्टरने माणसांना लावलं होतं.

कैद्यांना पैसे मिळत. तुरुंगातल्या इतर कामांना दिवसाला काही सेंट मिळत असताना एका प्रयोगाचे काही डॉलर म्हणजे चैन होती. त्यातून कुणी कॅन्टीनमधून साबण-सिगारेट घ्यायचा, कुणी जामिनाची रक्कम जमवायचा. होम्सबर्गमधल्या अनेकांवरचा खटला अजून उभाच राहिला नव्हता. जामिनाला पैसे नाहीत म्हणून ते आत होते. आणि त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय होते.

ते कागदावर सही करायचे. कशावर सही केली, पट्टीखाली काय आहे, ते किती दिवस टिकेल, याची त्यांतल्या अनेकांना कल्पना नव्हती. क्लिगमन डॉक्टर झाला त्याच १९४७ साली नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर न्यूरेंबर्ग संहिता आली होती. तिचा पहिलाच मुद्दा असा, की माणसावर प्रयोग करायचा तर त्याची खरी, समजून-उमजून दिलेली, जबरदस्तीविना संमती हवी. अमेरिकेत अनेकांना वाटलं, हे नाझींसाठी लिहिलंय, आपल्यासाठी नाही.

तोंड बंद झालेलं छिद्र

आता माझी दुसरी ट्यूब.

आपल्या कातडीवरच्या प्रत्येक सूक्ष्म छिद्राच्या आत मेलेल्या पेशी सतत सुटत असतात. पिंपल्स येणाऱ्या माणसात त्या नीट सुटत नाहीत, एकमेकींना चिकटतात आणि छिद्राचं तोंड बंद होतं. आत तेल साचतं, जिवाणू वाढतात, सूज येते. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतली कहाणी काही आठवडे जुनी असते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यावर गंधक होतं, कातडी सोलणारी औषधं होती आणि चक्क क्ष-किरण होते. मुलामुलींच्या चेहऱ्यांवर क्ष-किरण सोडले जात. त्यांतल्या काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. व्हिटॅमिन ए आम्ल, म्हणजेच ट्रेटिनॉइन, कातडीला लावून बघण्याचं काम जर्मनीत गुंटर श्टुटगेन यांनी क्लिगमनच्या आधी केलं होतं. पण ते फार झोंबायचं. क्लिगमनने चिकाटी धरली. किती प्रमाण, किती दिवस, कुणाला चालतं, याचा तो पाठपुरावा करत राहिला. या कामात होम्सबर्गच्या कैद्यांची कातडीही वापरली गेली. १९६९ मध्ये त्याचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्याचं सार असं, की हे आम्ल छिद्राचं तोंड मोकळं करतं, म्हणजे रोगाच्या मुळाशी काम करतं. १९७१ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून त्याला परवानगी मिळाली.

ते खरोखर चालतं. माझ्या चेहऱ्यावर चाललं. "आधी वाढतील" असं मॅडम का म्हणाल्या, तेही मला हे वाचून कळलं. आत दडलेले बंद पुंजके औषधामुळे लवकर वर येतात.

१९८८ मध्ये हेच आम्ल सुरकुत्यांवरही उपयोगी पडतं, असा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि मागणी गगनाला भिडली. विद्यापीठ, कंपनी आणि क्लिगमन यांच्यात पेटंटवरून वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि मिटलं. त्या वादात कैदी कुठेच नव्हते.

फॉर्म्युला आपल्या मेडिकलमध्ये

आणि पहिली ट्यूब?

१९७५ मध्ये क्लिगमन आणि त्याचा सहकारी विलिस यांनी एक मिश्रण प्रसिद्ध केलं. ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. डाग उजळवण्यासाठी. हे मिश्रण रोज लावल्यावर पाच ते सात आठवड्यांत प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषांच्या निरोगी कातडीचा रंग पूर्ण गेला, असं निबंधाच्या सारांशातच लिहिलंय. ते वाक्य मी तीन-चारदा वाचलं. निरोगी कातडी होती. तिला काही झालं नव्हतं.

वांगांसारख्या डागांवर हे मिश्रण डॉक्टर आजही देतात, सुधारून, मोजक्या आठवड्यांसाठी आणि देखरेखीखाली. पण आपल्याकडे त्याचे भाऊबंद गोरं होण्याचं क्रीम म्हणून घरोघर पोचले. माझ्यासारख्यांनी पिंपल्सवर लावले, कुणी लग्नाआधी लावले. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्टिरॉइड क्रीमच्या या गैरवापराविरुद्ध मोहीम उघडली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक क्रीम चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम बदलले. माझी ट्यूब त्यानंतरची आहे.

फिलाडेल्फियात कातडीचा रंग घालवून दाखवणारा तो प्रयोग आणि मला व्हिडिओ कॉलवर मिळालेली "उजळलास" अशी शाबासकी, हे दोन्ही एकाच धाग्यावर आहेत, हे मला त्या रात्री कळलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

माफी

१९७२ मध्ये टस्कीगीचं प्रकरण उघड झालं. अलाबामातल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपदंश असताना, उपचार उपलब्ध असताना, तो किती बळावतो हे बघण्यासाठी वर्षानुवर्षं तसंच ठेवलं होतं. देश हादरला. १९७४ मध्ये होम्सबर्गचे प्रयोग थांबले. पुढच्या काही वर्षांत कैद्यांवरच्या संशोधनावर अमेरिकेत कडक निर्बंध आले.

होम्सबर्गमध्ये कैद्यांना लिहायला-वाचायला शिकवायला गेलेल्या अ‍ॅलन हॉर्नब्लम या तरुणाने तिथे पाठीवर पट्ट्या चिकटवलेली माणसं बघितली होती. ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही. १९९८ मध्ये त्याचं पुस्तक आलं. क्लिगमनच्याच शब्दांवरून त्याचं नाव होतं, 'एकर्स ऑफ स्किन'. २००० मध्ये जवळपास तीनशे माजी कैद्यांनी दावा लावला. तो मुदतीच्या मुद्द्यावर २००२ मध्ये फेटाळला गेला. त्या काळी देशभर हेच चालत होतं आणि आपल्या माहितीप्रमाणे कुणालाही कायमची इजा झाली नाही, ही भूमिका क्लिगमनने सोडली नाही. २०१० मध्ये तो वारला.

२०२१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने माफी मागितली. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया शहराने मागितली. २०२३ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या जुन्या संस्थेने माफी मागून क्लिगमनला दिलेला सन्मान परत घेतला. तोवर पाठीवर चौकोनी डाग असलेली कितीतरी माणसं गेली होती.

मग ही ट्यूब वापरावी का? मी या प्रश्नावर बरेच दिवस अडकलो. ती फेकून दिल्याने होम्सबर्गमधल्या कुणाचंही काही परत येत नाही. माझा चेहरा तेवढा बिघडेल. मी ती वापरतो. पण 'विज्ञानाची देणगी' असं म्हणायला जीभ वळत नाही. देणगी देणारा स्वखुशीने देतो.

नवव्या रात्री मी जेल धुऊन टाकलं, चार दिवस थांबलो, मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, एक दिवसाआड लाव. मी तसं केलं. चौथ्या महिन्यात ग्रुप फोटोत पुढे उभा राहिलो. माझ्या सगळ्या उपचारात सर्वांत मोलाचं मला काही मिळालं असेल, तर ते चार दिवस. ट्यूबमध्ये काय आहे ते माहीत असणं, झोंबल्यावर थांबता येणं, आणि थांबलो म्हणून जामिनाचे पैसे न बुडणं.

परवा गावाकडच्या चुलत भावाचा मेसेज आला. दहावीत आहे. "दादा, तुझा चेहरा कसा क्लिअर झाला? ट्यूबचं नाव पाठव ना." सोबत त्याच्या गालाचा फोटो, फिल्टर न लावता. तसा फोटो पाठवायला किती धीर लागतो, ते मला माहीत आहे.

मी नाव पाठवलं नाही. लिहिलं, आधी डॉक्टरांना दाखव, दिवाळीत आलास की मी घेऊन जातो. मेडिकलवाल्याने दिलेलं काही लावू नकोस. आणि डॉक्टर जे देतील त्यात काय काय आहे, ते विचारून घे.

होम्सबर्गचं सगळं एका मेसेजमध्ये मावत नव्हतं. ते इथे लिहिलं. दिवाळीत त्याला वाचायला देईन.