दप्तरातली साखरपुडी
इन्सुलिन १९२२ मध्ये आलं, पण वर्गात त्याचं नाव उघडपणे निघायला पुढे कित्येक दशकं लागली. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. त्याच वर्षी पंधरा वर्षं पूर्ण होता होता टोरांटोला इन्सुलिनचे शोधक डॉ. बँटिंग यांच्याकडे आली, तेव्हा वजन जेमतेम वीस किलो. ती वाचली, कॉलेज शिकली, १९८१ पर्यंत जगली. मधुमेह मात्र जन्मभर लपवला. मंत्र्याच्या लेकीची ही कथा, तर आमच्या पोरींचं काय!

ऐंशीच्या दशकात मी साताऱ्याकडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. प्रयोगशाळेत बेनेडिक्टचं निळं द्रावण काढलं, तशी नववीतली एक मुलगी पुटपुटली, "बाई, हे मी घरी रोज करते." पाच मिलिलिटर द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं, हिरवं, पिवळं, नाहीतर थेट विटकरी. काचेची सिरिंज आई उकळून द्यायची, इन्सुलिनची बाटली माठाजवळ गारव्याला. पण लघवी सांगणार काही तासांपूर्वीची साखर. कवायतीत अचानक उतरलेली साखर ती काय दाखवणार?

म्हणून तिलाच विचारून दोघी मैत्रिणींना सांगितलं: ती घामेजली, असंबद्ध बोलू लागली, की शुद्धीत आहे तोवर साखर द्या, परवानगीला थांबू नका. शिक्षकखोलीपेक्षा त्या पोरींना लवकर कळलं. तिघींच्याही दप्तरात पुड्या असत.

परीक्षेत मात्र तोंड हललं की पर्यवेक्षक धावायचे. सीबीएसईने अशा मुलांना परीक्षागृहात चॉकलेट, फळं, सँडविच न्यायला मुभा दिली ती २०१७ मध्ये.