टेकच्या पोटातला चंद्र

आपण आयटीवाले दिवसभर काय करतो? या सिस्टिममधला डेटा त्या सिस्टिममध्ये ढकलतो. आणि बग बहुतेक वेळा सापडतो तो दोघींच्या सीमेवरच. छपाईच्या दुनियेतली अशीच एक सीमा मला फार आवडते.

१९७७ साली डोनाल्ड कनूथ यांनी आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रुफं पाहिली आणि वैतागून 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला घेतली. पानावरची मापं त्यांनी पूर्णांकात ठेवली, एका पॉइंटचे ६५,५३६ भाग! का? तर कुठल्याही मशीनवर ओळ त्याच शब्दापाशी तुटावी. १९९० मध्ये त्यांनी टेक गोठवलं. यापुढे फक्त बग काढायचे, आणि कोणी बदल केलाच तर त्याला टेक म्हणायचं नाही.

पण लोकांच्या गरजा थोड्याच गोठतात? १९९१ च्या देवनागरी पॅकेजमध्ये फ्रान्स वेल्थुइस यांना टेकच्या आधी चालवायचा वेगळा सी प्रोग्रॅम द्यावा लागला. डेटा जाणार एकाच दिशेने. २००५ च्या सुमारास हान्स हागेन, टाको हुकवाटर आणि हार्टमुट हेंकेल यांनी मग टेकच्या पोटातच लुआ भाषा बसवली. लुआ जन्मली १९९३ मध्ये, ब्राझीलमध्ये. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र.

गंमत पुढे आहे. लुआचा कोड टेक आधी स्वतः वाचतं, मॅक्रो उलगडतं आणि उरलेली स्ट्रिंग लुआला देतं. टक्क्याचं चिन्ह टेकला कॉमेंट वाटतं. ओळ संपली की तिथे स्पेस येते, त्यामुळे लुआची एक साधी कॉमेंट पुढचा सगळा कोड गिळते! लुआने परत छापलेलं टेक वाचतं, तेही लुआचं काम पूर्ण संपल्यावरच.

२०१९ मध्ये आतली लुआ ५.३ झाली. आधी दहा भागिले दोनचं उत्तर ५ छापलं जायचं, आता ५.० येतं. पूर्णांकाची वाट पाहणारं टेक ५ उचलतं आणि उरलेलं '.०' मुकाट्याने पानावर छापतं. एरर नाही, काही नाही. उपाय सोपा आहे, भागाकाराला दोन तिरक्या रेघा. पण जुन्या फाइलीत त्या घालणार कोण?

म्हणून मला वाटतं, दहा वर्षांनी जसंच्या तसं छापायचं असेल, तर फाइलीसोबत त्या वेळचं सॉफ्टवेअरही जपून ठेवावं. कनूथनी दिलेला शब्द टेकपुरता होता. पोटातल्या चंद्राने तसा शब्द कधी दिलाच नव्हता.