दडणे आणि दबा धरणे

इंग्रजीचा तास घेताना ‘लर्क’ या क्रियापदाशी वर्षातून एकदा तरी गाठ पडतेच. मुले अर्थ लिहितात, ‘लपणे’. चूक म्हणवत नाही, आणि पुरे गुणही देववत नाहीत. लपंडावातले पोर लपते. त्याला कोणी ‘लर्क’ म्हणणार नाही. इंग्रजीत सुमारे सातशे वर्षे वावरणाऱ्या या शब्दात लपण्याबरोबर टपणेही आहे. आपले ‘दबा धरणे’ हे त्याचे खरे सोयरे. आमच्या बेळगाव-निपाणीकडे तर शेजारच्या कानडीलाही विचारता येते. तेथे नुसत्या लपण्याला ‘अडगु’ आहे, टपून बसण्याला ‘होंचु’.

हा शब्द आपल्या कायद्यात आला तो १८६० च्या दंडसंहितेतून. कलम ४४३ प्रमाणे, वाईट हेतूने दुसऱ्याच्या घरात शिरताना मालकाला कळू नये म्हणून खबरदारी घेणे हा निराळा गुन्हा ठरला. घर म्हणजे केवळ राहते घर नव्हे. देऊळ, चर्च आणि माल ठेवण्याची इमारतही त्यात येते. म्हणजे निपाणीची तंबाखूची वखारही आलीच! नुसता रात्रीचा अंधार पुरत नाही, लपण्यासाठी माणसाने स्वतः काही करावे लागते, असे न्यायालयांनी म्हटले आहे. १ जुलै २०२४ रोजी ती संहिता गेली; नव्या न्यायसंहितेच्या कलम ३३० मध्ये इंग्रजी शब्द मात्र तोच राहिला. हिंदीने त्यासाठी ‘प्रच्छन्न’ घेतला, मराठीने ‘चोरटे’. मला हा ‘चोरटे’ खटकतो. चोरट्या नजरेत चोरी नसते हे खरे. परंतु कलम वाचून दाखविले की ऐकणारा आधी काय चोरीला गेले ते विचारतो, आणि कलमाला चोरीची गरजच नाही.

पण हेतू पाहणाऱ्याने ठरवायचा की दडणाऱ्याने? १८३० साली कित्तूरचा संगोळ्ळी रायण्णा खानापूरकडच्या रानांत असाच दडून होता. कंपनीच्या कचेऱ्या जाळाव्या आणि झाडीत नाहीसे व्हावे, हा त्याचा क्रम. कंपनीच्या लेखी तो दबा धरून बसलेला. त्याच्या बाजूच्या माणसांच्या लेखी रानाच्या आश्रयाला गेलेला. खरे तर तो दोन्ही करीत होता. त्याच वर्षी फितुरीने तो पकडला गेला आणि २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला फाशी गेला.

वर्गात मी हेच उदाहरण देतो. त्याला ‘लर्क’ लावायचे की नाही, यावर मुलांचे अजून एकमत झालेले नाही.