मातीची गाडी

देवलांच्या 'मृच्छकटिका'मुळे मराठी माणसाला रोहसेन परका नाही. शेजारच्या श्रीमंताघरच्या मुलाची सोन्याची गाडी त्याने खेळायला घेतली, ती परत गेली, आणि रदनिकेने करून दिलेली मातीची गाडी काही चारुदत्ताच्या या लेकराला पसंत पडेना. मग वसंतसेना आपले दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते आणि पुढचे सारे रामायण त्यातून घडते. नाटक म्हणून हा प्रसंग फार सुंदर आहे. परंतु मी पडले बालवर्गाची शिक्षिका. मला नेहमी वाटते, की रोहसेन आणखी तीन-चार वर्षांनी लहान असता तर शूद्रकाला हे नाटक लिहिताच आले नसते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला सोने कळत नाही. त्याला चाक कळते. दोरी ओढली की गाडी मागे येते, सोडली की थांबते, उंबऱ्यावर अडते, हे त्याच्या दृष्टीने जगातले सर्वांत मोठे शास्त्र असते. आणि हे शास्त्र मातीच्या गाडीत सोन्याच्या गाडीइतकेच असते.

दर जून महिन्यात पालक मला एक प्रश्न विचारतात : "बाई, मुलाची बुद्धी वाढेल असे कुठले खेळणे घेऊ?" विचारणाऱ्यांत बँकेतले साहेब असतात, तशाच चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आयाही असतात. दुसरीच्या प्रश्नात एक भीती दडलेली असते. दुकानातल्या त्या रंगीत खोक्याची किंमत आपल्याला परवडत नाही, म्हणजे आपले मूल पहिल्या दिवसापासूनच मागे पडले की काय, ही ती भीती. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. कादंबऱ्या लिहिते खरी, पण शास्त्रज्ञाचा आव आणणार नाही. मात्र या भीतीला इतिहासात कितपत आधार आहे, हे पाहण्याचा नाद मला लागला. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवते.

मुलांची खेळणी फार जुनी आहेत. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील उत्खननांत भाजक्या मातीच्या बैलगाड्या, शिट्ट्या आणि खुळखुळे सापडले. पण खेळण्याने मुलाला शिकवले पाहिजे, ही कल्पना त्या मानाने अगदी अलीकडची. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९३ मध्ये शिक्षणावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात अक्षरे चिकटवलेल्या फाशांनी खेळत खेळत मुलाला वाचायला शिकवण्याची युक्ती त्याने सांगितली. शैक्षणिक खेळण्याच्या वंशावळीत म्हणूनच त्याचे नाव घेतात. गंमत अशी, की त्याच पुस्तकात हा गृहस्थ असेही सांगतो की गुळगुळीत गोटा, कागदाचा तुकडा, आईच्या किल्ल्यांचा जुडगा यांनी लहान मुलाची जेवढी करमणूक होते तेवढीच दुकानातल्या महागड्या खेळण्यांनी होते. आणि ती महाग खेळणी लवकर मोडतात ती वेगळीच. दुकानदारांनी लॉकचे फासे तेवढे उचलले. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

पुढे जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) आला. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग गावी त्याने लहान मुलांसाठी आपले काम सुरू केले आणि १८४० मध्ये त्याला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. त्याने खेळण्यांना 'देणग्या' म्हटले. पहिली देणगी लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी लाकडी गोल, नळकांडे आणि घन. तिसरी आठ लहान घनांत विभागलेला एक मोठा घन. एवढ्या साध्या लाकडाची सरकारला धास्ती वाटावी हे नवल, पण १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली, आणि ती उठलेली पाहायला बिचारा फ्रोबेल जगला नाही. १८७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात या देणग्या पाहून एका आईने त्या आपल्या मुलासाठी घेतल्या. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. आपल्या बोटांत ते लाकडी ठोकळे जन्मभर राहिले, असे तो सांगत असे. ही गोष्ट खेळणी विकणारे अगत्याने सांगतात. त्यांनी एवढेही सांगावे, की त्या पेटीत बोलणारे, दिवे लागणारे, आपोआप चालणारे असे काहीही नव्हते.

मारिया माँटेसोरी यांचे नाव आज महाग शाळांच्या पाट्यांवर दिसते. पण त्यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीतल्या चाळवजा इमारतीत उघडले. आईबाप कामावर गेले की मुले जिने आणि भिंती खराब करतात, ही मालकांची तक्रार. तेव्हा त्यांना एका खोलीत सांभाळावे, एवढाच मूळ हेतू. माँटेसोरीबाईंची साधनेही इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांच्या कामातून आलेली होती, आणि ते काम होते मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसाठी. कोणी दानशूराने त्या खोलीत उंची बाहुल्या आणून ठेवल्या, तर मुलांनी त्यांच्याकडे फारसे पाहिलेही नाही, असे बाईंनी स्वतः नमूद केले आहे.

त्यांच्या साधनांचे मर्म एका गोष्टीत आहे : चूक झाली तर ती बाईंनी सांगावी लागत नाही, वस्तूच सांगते. लाकडाच्या लांब ठोकळ्यात दहा खाचा, आणि प्रत्येक खाचेत नेमका बसणारा एकेक दट्ट्या. एक चुकीच्या जागी गेला की शेवटी एक उरतो. मूल थांबते, पाहते, पुन्हा मांडते. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत एकेका सेंटिमीटरने वाढत जातात. अशा कामाला लाकूड मोजून कापावे लागते, आणि मोजून कापलेले लाकूड स्वस्त नसते. गरिबाच्या खोलीत जन्मलेली ही पद्धत हळूहळू श्रीमंताच्या दिवाणखान्यात गेली, त्याचे एक कारण हे.

हा पेच महात्मा गांधींच्या लक्षात आला होता. ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडनला माँटेसोरीबाईंच्या विद्यार्थ्यांसमोर बोलताना त्यांनी खेड्यांतल्या अर्धपोटी मुलांची आठवण करून दिली, आणि हे शिक्षण कंगालांच्या मुलांपर्यंतही पोहोचावे अशी आशा बोलून दाखवली. ती आशा पुरी करण्याचे काम मात्र आपल्याच लोकांना करावे लागले. वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले होते. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. शहरात त्यांचा जम बसला होता, नाव झाले होते. पन्नाशी उलटल्यावर कोणीही तिथेच स्वस्थ बसले असते.

पण डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. काळ ध्यानात घ्या. त्याच वर्षी त्याच टापूत वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव पेटलेला होता. ज्या घरात मोठ्या माणसांचे श्रम फुकट जात होते, तिथल्या तीन वर्षांच्या मुलाच्या खेळण्याची चर्चा करणे कोणालाही चैन वाटली असती. ताराबाईंना तसे वाटले नाही. त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, मास्तरकी करता करता पुढे शिकलेल्या. या दोघींना पहिला धडा मिळाला तो असा, की मुले शाळेत येतच नाहीत. तेव्हा शाळाच मुलांकडे गेली. गावात एक मध्यवर्ती बालवाडी राहिली, आणि वस्तीतल्या अंगणात, मुले जिथे असतील तिथे आणि त्यांना सवड असेल तेव्हा, अंगणवाडी भरू लागली.

अंगणात लाकडी पेट्या कोण आणणार? तिथे होते शंख-शिंपले, गोटे, पाने, फुले, बिया, माती. भावनगरच्या आणि दादरच्या शिस्तीत तयार झालेल्या ताराबाईंनी त्यांचाच साधन म्हणून उपयोग केला. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की त्यांनी गरिबाला खऱ्या वस्तूची नक्कल दिली नाही. त्या साधनाचे काम काय, हे त्यांनी ओळखले होते. लहानमोठे लावणे, सारखे जोडणे, हलके-जड तोलणे, भरणे, रिकामे करणे. हे काम शिंपल्यांनी होत असेल तर शिंपला ही लाकडाची हलकी प्रत नाही; तो स्वतःच साधन आहे.

तसे पाहिले तर आपल्या घरांतही हे शहाणपण होते. पांगुळगाडा धरून मूल उभे राहायला शिकते, आणि घाई केली तर गाडाच पुढे पळून त्याला ताळ्यावर आणतो. माँटेसोरीबाईंचे तत्त्व याहून निराळे काय? सावंतवाडीच्या चितारी कारागिरांची लाकडी फळे, भातुकली, ठकी, ही सारी याच कुळातली. माझ्या वर्गात एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या डब्यांचा संच आहे. झाकण चुकले की ते बसत नाही, किंवा डब्यात पडते. हा संच बोहारणीकडूनही मिळू शकतो.

स्वस्त म्हणजे निर्धास्त मात्र नव्हे. तीन वर्षांच्या आतील मूल प्रत्येक वस्तू तोंडाने तपासते. म्हणून या वयाच्या खेळण्याचे सुटे भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावता कामा नयेत, अशी कसोटी लावतात. सव्वा इंचाहून थोडासा कमी, असे समजा. चिंचोके आणि सागरगोटे थोरल्यांना ठीक. रांगत्या मुलाला नकोत. लालचुटूक गुंज तर घरातच नको, कारण ती चावली गेली तर विषारी. स्वस्त रंगात शिसे असू शकते. त्यापेक्षा बिनरंगी लाकूड बरे. बटणासारखे सेल आणि बारीक लोहचुंबक असलेले खेळणे कितीही शैक्षणिक असो, ते दुकानातच राहू द्यावे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर मानकचिन्ह सक्तीचे झाले आहे; विकत घेताना तेवढे पाहावे.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि बोर्डीच्या अंगणातला तो शब्द देशभर गेला. आता अंगणवाडी म्हटले की कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला. त्यात कोडी, बाहुल्या, खेळणी आहेत. सरकारला मुलांच्या खेळाची आठवण झाली ही चांगलीच गोष्ट. पण आम्हा शिक्षकांना एक जुना अनुभव आहे. खोके आले की त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होते. नोंद झाली की वस्तू मोडण्याची भीती येते. भीती आली की कपाटाला कुलूप लागते. मी अशी कपाटे पाहिली आहेत. काचेतून मुले आतल्या ठोकळ्यांकडे बघत असतात. शिंपल्यांना कोणी कुलूप लावीत नाही. हरवला तर मूल दुसरा शोधून आणते, आणि तो शोधणे हाही अभ्यासच असतो.

म्हणून जूनमध्ये विचारायला येणाऱ्या त्या आईला मी चार प्रश्न परत विचारते. या वस्तूने मूल स्वतः काही करते, की नुसते बघत बसते? एकच वस्तू तीन तऱ्हांनी खेळता येते का? चुकले तर त्याचे त्याला कळते का? आणि मोडली-हरवली तर तुमच्या जिवाला घोर लागेल का? पहिल्या तिन्हींचे उत्तर 'हो' आणि चौथ्याचे 'नाही' असेल, तर ते खेळणे घ्यावे. मग ते दुकानातले असो वा मांडणीवरचे. आणि खेळणे घ्यायला खर्च करणार होतात त्यातले काही पैसे वाचलेच, तर संध्याकाळची एक घरची धुणी सोडता येते का बघा, असे सांगावेसे वाटते. पण ते सांगण्याचा अधिकार मला नाही. सवड ही या देशात सोन्याच्या गाडीहून महाग आहे. मुलाशेजारी अर्धा तास जमिनीवर बसायला ज्या आईला फुरसत नाही, तिला ती मिळेल अशी व्यवस्था करणे, हे बोर्डीच्या अंगणात सुरू झालेल्या कामाचे उरलेले अर्धे आहे.