क्लॉकच्या वारंवारतेचा विस्तार आणि हार्डवेअर-वर्णन : एक ऐतिहासिक टिपण

फुलपाडा २०१४ पर्यंत ज्या ठाणे जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातील कल्याण येथे १९६५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी ३२ लहान अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभारली. पुढे त्यांच्याच पुढाकाराने जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी साकारली. अशा दुर्बिणींना संगणकाच्या क्लॉकमधून निसटणाऱ्या रेडिओ लहरी बाधक ठरतात.

१०० मेगाहर्ट्झचा क्लॉक सेकंदाला सुमारे ३०,००० वेळा ९९.५ ते १०० च्या दरम्यान हलविला, की एकाच वारंवारतेवरील शिखर खाली येते आणि उपकरण उत्सर्जन-चाचणीत उत्तीर्ण होण्यास मदत होते. एकूण ऊर्जा मात्र जवळजवळ तेवढीच राहते. चौदाव्या पटीत हा विस्तार १३९३ ते १४०० मेगाहर्ट्झ एवढा होतो. एका जागी स्थिर असलेली बाधा निरीक्षकास तेवढा अरुंद पट्टा वगळून टाळता येते. पसरलेली बाधा टाळणे अवघड. म्हणजे चाचणीतील यश हे खगोलशास्त्रज्ञाच्या सोयीचे असतेच असे नाही.

ही मांडणी पूर्वी बहुधा प्रत्येक बोर्डाच्या प्रारंभिक आज्ञावलीत दडलेली असे. १९९४ च्या ओपन फर्मवेअर मानकातून आलेली ‘डिव्हाइस ट्री’ ही हार्डवेअर-वर्णनाची पद्धत लिनक्सने एआरएम प्रोसेसरांसाठी २०११ पासून व्यापकपणे स्वीकारली. २०२१ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या क्लॉकसाठी त्या वर्णनाच्या नियमांत, म्हणजे बाइंडिंगमध्ये, तीन नोंदी आल्या : हलविण्याची वारंवारता, विस्ताराचे प्रमाण आणि तो केवळ खालच्या बाजूस असावा काय. त्यामुळे बाधेचा माग काढणाऱ्यास विस्ताराचा पट्टा आता मजकुरातूनच वाचता येतो.