डोंगरावरचे गवत आणि फादर बाखर

भगिनींनो, आपल्या नगरचा इतिहास सांगायला बसले की चांदबिबी, किल्ला आणि किल्ल्यातील कैदी यांच्यावरच आपण थांबतो. 1939 साली दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा इंग्रज सरकारने पकडलेले जर्मन लोक नगरलाच आणून ठेवले होते. ते येथे आले ते पहाऱ्यात. पण पुढे जर्मन भाषा बोलणारा एक परदेशी आपणहून आला आणि या जिल्ह्यात आयुष्य वेचून गेला. त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून ही लेखणी हाती घेतली आहे.

त्यांचे नाव फादर हर्मन बाखर. 1924 साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मले, येशूसंघाचे धर्मगुरू झाले आणि 1948 साली हिंदुस्थानात आले. आपला जिल्हा सह्याद्रीच्या आडोशाला, म्हणून पाऊस बेताचाच. बाखर यांनी नगरच्या सोशल सेंटर या संस्थेमार्फत आरंभी विहिरींच्या कामाला मदत केली. 1972 चा दुष्काळ आपल्या सासवा अजून विसरलेल्या नाहीत. खडी फोडून आणि सुकडी खाऊन माणसांनी दिवस काढले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? विहीर कितीही खोल नेली तरी डोंगरावरचे पाणी वाहून गेल्यावर तिला झरा कसा लागावा? तेव्हा पाणी माथ्यावरच अडवले पाहिजे, असा विचार पुढे आला.

यातूनच जर्मन सरकारच्या पैशाने व नाबार्डच्या मार्फत भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. गावांना हे काम शिकविण्यासाठी बाखर आणि फादर क्रिस्पिनो लोबो यांनी 1993 साली ‘वॉटर’ ही संस्था नगरला स्थापन केली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे तिचे काम नावाजले गेले. नुसता पैसा मात्र कोणालाही मिळत नसे. गावाने श्रमदान करायचे, झाड तोडायचे नाही आणि डोंगरावर जनावर मोकळे सोडायचे नाही, अशा अटी होत्या. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार या आपल्याच गावांनीही कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. चर खणणे सोपे. शेजाऱ्याची शेळी अडवणे अवघड. माझ्या मते बाखरांचे खरे काम हेच, की गावाला एका शब्दावर आणायचे.

पण या शब्दाची किंमत कोणी दिली, तेही इतिहासात लिहिले पाहिजे. माझ्या माहेरीही पाणलोटाचे काम झाले. कोणत्या योजनेतून, ते त्या वयात मला कळत नव्हते. आमच्या सात शेळ्या होत्या. देवळात पुरुषमंडळी बसली आणि चराईबंदी ठरली. शेळ्या राखीत होतो आई आणि मी. आम्हांला कोणी विचारले नाही. आई वडिलांना म्हणाली, “चर खांदायला आम्ही लागतो, मंग इचारायला का नाही?” वडील गप्प बसले. पुढच्या बाजारी पाच शेळ्या गेल्या. त्या रात्री आई जेवली नाही.

तिसऱ्या वर्षी डोंगरावर कमरेएवढे गवत आले. ते कापून आणून आईने दावणीला गाय बांधली. चैत्रात आटणारी विहीर वैशाखापर्यंत टिकली. आमचे भले झाले, हे मी नाकारीत नाही. पण आम्हांला दोन एकर तरी होते. पलीकडच्या वाडीतील धनगरांना जमीन नव्हती. मेंढरू काही दावणीला बांधून पोसत नाही. विहिरीचे पाणी वाढले ते शेतकऱ्याचे. त्यांच्या वाट्याला लांबची वाट आली. दिवाळीनंतर जाणारी ती माणसे दसरा होताच निघू लागली. 1725 साली चौंडीला धनगराच्या घरी जन्मलेल्या अहिल्यादेवींचे नाव 2024 साली आपल्या जिल्ह्याला मिळाले. ते घेताना त्या वाडीची मला आठवण होते.

चांगल्या कामातही कोणाचे तरी पोट दुखावते, म्हणून काम सोडायचे नसते. ज्याचे दुखावते त्याला आधी विचारायचे असते. ‘वॉटर’ने गावोगाव बायकांच्या संयुक्त महिला समित्या उभ्या केल्या, ही मोठीच गोष्ट. माझ्या आईच्या वेळी तशी एखादी समिती गावात असती, तर निदान तिचा प्रश्न कोणी ऐकून घेतला असता.

फादर बाखर 2021 साली स्वित्झर्लंडमध्ये वारले. परक्या देशातून येऊन त्यांनी आपल्याला आपलाच डोंगर दाखविला. आता गावच्या समित्यांवर आपल्यापैकी अनेकींची नावे असतात. सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे, की शेळी कोणाची आणि तिला राखते कोण? इतके सांगून लेखणी थांबविते.