पैसा जर्मन, सिनेमा फ्रेंच

आजोबा पुण्यात थिएटरात मशीन चालवायचे. महायुद्धाचा विषय निघाला की कच्च्या फिल्मच्या टंचाईबद्दल सांगत. ब्रिटिश सरकारने चित्रपटाला ११,००० फुटांची मर्यादा घातली होती. शिवाय सरकारी युद्धप्रचाराच्या फिती दाखवणं सक्तीचं होतं. ‘‘दाखवाव्याच लागत,’’ ते म्हणत, ‘‘थेटर बंद म्हणजे चूल बंद.’’

फ्रेंच दिग्दर्शक बेर्त्राँ ताव्हेर्निएचा ‘लेसे-पासे’ (२००२) हा चित्रपट पाहताना हेच ऐकतोय असं वाटलं. ताव्हेर्निए १९४१ साली जन्मला. जर्मन अंमलातला फ्रेंच सिनेमा त्याला कळला तो दोन म्हाताऱ्यांच्या आठवणींतून: पटकथाकार झाँ ओराँश आणि सहायक दिग्दर्शक झाँ दवेव्र.

१९४० मध्ये जर्मनांनी पॅरिस घेतलं आणि त्याच वर्षी ‘कॉन्टिनेंटल’ ही चित्रपट कंपनी काढली. पैसा जर्मन, प्रमुख आल्फ्रेड ग्रेव्हेन जर्मन. नट, लेखक, कारागीर मात्र फ्रेंच. तिथे ३० चित्रपट झाले. ओराँश या कंपनीचं काम टाळत राहिला. दवेव्रने तिथे नोकरी धरली आणि आतून प्रतिकार चळवळीला साथ दिली. चित्रपटधंद्यात ज्यूंना बंदी असताना, ज्यू वंशाचा कम्युनिस्ट झाँ-पॉल ल शानुआ याच कंपनीसाठी पटकथा लिहीत होता. तिच्या चित्रपटांत झळकलेला मोठा नट आरी बोर याला गेस्टापोने १९४२ मध्ये धरलं, छळलं. सुटल्यावर काही महिन्यांत तो गेला.

कंपनीबाहेरही जोखीम होतीच. मार्सेल कार्नेच्या ‘लेझाँफाँ द्यु पारादी’ची दृश्यरचना अलेक्सांद्र त्रोनेर आणि संगीत जोझेफ कोस्मा हे दोघे ज्यू लपून करत होते. युनिटमधल्या माणसांनी तोंड मिटून ठेवलं, म्हणून ते वाचले.

मुक्तीनंतर हिशेब मागितला गेला. कॉन्टिनेंटलसाठी ‘ल कोर्बो’ काढणाऱ्या दिग्दर्शक क्लूझोवर बंदी आली. निनावी पत्रांनी पोखरलेल्या गावाची ती गोष्ट आजही अंगावर येते.

परक्या सत्तेखाली राबलेल्या माणसाला ‘काम का केलंस?’ एवढंच विचारणं सोपं आहे. ते करताना कुणाला सांभाळलंस, कुणाला धरून दिलंस, हे विचारायला हवं. पगारपत्रकात त्याचं उत्तर नसतं. ते ज्यांना ठाऊक आहे, ती माणसं हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून ऐकलं पाहिजे.